विधान परिषद मोडू नका, ती भरायची रीत बदला

"पडलेल्यांची सोय लावायचं सभागृह आहे ते, बंदच करून टाका!" परवा तासगावच्या स्टँडवर चहा पिताना एक जण तावातावाने बोलत होता. त्याचा राग मला पटतो, पण बंद करायला माझा ठाम विरोध आहे. त्याचं कारण आमच्याच तालुक्यात आहे.

माझी आई रोजगार हमीवर जायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, दिवसभर पाझर तलावाच्या भरावावर माती टाकायची. मस्टरवर अंगठा उठवून पैसे हातात आले की त्या दिवशी घरात ज्वारी यायची. ही योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, आणि पहिला प्रयोग त्यांनी आमच्या विसापुरात केला. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, तो याच वाटेने. ढवळीचे एन. डी. पाटील याच सभागृहात शेतकऱ्यांसाठी भांडले. माडगुळ्याचे कवी गदिमा तिथे १२ वर्षं बसले. थेट निवडणुकीत गदिमांना तिकीट कुणी दिलं असतं का, सांगा.

आणि आज? ७८ पैकी १२ जागा राज्यपालांनी भरायच्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतली माणसं घ्या, असं घटनेचं कलम १७१ सांगतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने १२ नावं पाठवली, त्यावर सरकार बदलेपर्यंत निर्णयच झाला नाही. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर ७ जणांचा शपथविधी उरकला. माझा पक्षाशी संबंध नाही. दोन्ही बाजूंनी या खुर्च्यांची किंमत घालवली.

झेडपी, नगरपालिकांचे सदस्य मतदान करून जी जागा भरतात, त्या आपल्या सांगली-सातारा स्थानिक संस्थांच्या जागेची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली. तिथे तेव्हा प्रशासक बसलेले, म्हणजे मत द्यायला सदस्यच नव्हते. जागा तशीच पडून राहिली.

पदवीधर मतदारसंघाची मतदार यादी तर दरवेळी कोऱ्या पानापासून नव्याने करतात. मागच्या वेळी डिग्रीची झेरॉक्स साक्षांकित करून मी स्वतः अर्ज दिला होता. मतदानाच्या दिवशी यादी तीनदा चाळली, नाव नव्हतंच. ही यादी कायमची करा. राज्यपालांना ३० दिवसांची मुदत घाला. विधानसभेला पडलेल्याला त्या पाच वर्षांत मागच्या दाराने घेऊ नका. आणि १२ नावं राज्यपालांकडे जाण्याआधी, प्रत्येकापुढे त्याचं काम लिहून, लोकांसमोर ठेवा.

एवढं सगळं मी आमच्या आमदारांना लेखी दिलंय. तुमच्या भागातलं असं एखादं नाव असेल तर कमेंटमध्ये लिहा. पक्ष नको, काम लिहा.