दहा बोटांचे दहा रिपोर्ट

'नखांवरून आजार कळतात' हे एकदा कानावर पडलं, की माणसाचं सुख संपलं. तोवर नखांशी आपला संबंध पाठ खाजवण्यापुरता आणि हरवलेलं नेलकटर शोधण्यापुरता. त्यानंतर मात्र दहा बोटांवर दहा रिपोर्ट, आणि तेही घरी विसरून बाहेर पडायची सोय नाही.

माझं पहिलं भांडण पांढऱ्या ठिपक्यांच्या जाणकारांशी. ठिपका दिसला रे दिसला, की "कॅल्शियम कमी झालंय" असा निकाल देऊन ते मोकळे. कॅल्शियम बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. नख तयार होतं मुळाशी, कातडीखाली. तिथे दारात बोट चेमटलं किंवा मुळावरची पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, कुरतडली, की ठिपका पडतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. ठिपका मध्यावर येईपर्यंत आपण दाराला दिलेली शिवीही विसरलेलो असतो.

हाच हिशेब आडव्या खाचेला लावा. मोठा ताप किंवा गंभीर आजार आला, की मुळाशी काम काही दिवस मंदावतं आणि खाच उमटते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 मध्ये तिचं वर्णन केलं. मुळापासून 6 मिलिमीटरवर खाच असेल, तर भानगड दोनेक महिन्यांपूर्वीची. एकाच नखावर असेल तर संशय माराचा. सगळ्या नखांवर एका रांगेत असेल तर आजाराचा. उभ्या बारीक रेघा मात्र वयाच्या. त्यांच्यावर तेल चोळून वय उतरत नाही.

नख मध्ये खोलगट होऊन त्यावर पाण्याचा थेंब न ओघळता बसला, तर लोह कमी असू शकतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावा. परस्पर गोळ्या सुरू करू नयेत, कारण लोह गळतंय कुठून हा खरा प्रश्न तसाच राहतो.

सर्वांत हास्यास्पद दिसणारी तपासणी सर्वांत कामाची आहे. दोन्ही हातांच्या तर्जनींची शेवटची पेरं पाठीला पाठ, नखाला नख लावून धरा. मुळांपाशी पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगलेली असतील, तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्यावं. दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना ही खूण स्वतःच्याच बोटांवर सापडली. 1976 मध्ये त्यांनी ती मांडली. रांगेत उभं राहून करू नका, लोक पुढे जागा देतात.

पिवळं, जाड, भुसभुशीत नख म्हणजे बुरशीच, हाही घाईचा निकाल. सोरायसिस हा त्वचारोगही असाच दिसतो. त्यात नखावर अंगुस्तानासारखे खळगेही पडतात. आधी नखाचा तुकडा तपासायला द्यावा, मग औषध. बुरशी मेली तरी हाताचं नख नवं व्हायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष.

थट्टा बाजूला ठेवायची ती एका ठिकाणी. एकाच नखात नव्याने उमटलेली काळी-तपकिरी उभी पट्टी रुंदावत असेल किंवा शेजारच्या कातडीवर उतरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. तो कर्करोग असू शकतो. माराचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो, ही पट्टी मुळाशी ठाण मांडून बसते.

डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश सगळ्या बोटांचं काढा. ते कधीकधी पायाचीही नखं बघतात, तेव्हा मोजे भोक नसलेले घाला.