एसएलडी म्हणजे नाव बदलून द्यायचा कागद नाही
मी सोलरवाल्यांना एसएलडी, म्हणजे छतावरच्या सोलरच्या वायरिंगचा एकरेषी नकाशा, सही करून देतो. आज परत तेच. रात्री साडेदहाला एका सोलरवाल्याचा मेसेज, "सर ती मागची ३ किलोवॅटची एसएलडी आहे ना, त्यात फक्त नाव नि ग्राहक क्रमांक बदलून द्या, सकाळी अपलोड करायचीये." अरे मागची साईट सिंगल फेज होती, इथं बिलावर थ्री फेज मीटर दिसतोय, पॅनल वेगळे, इन्व्हर्टर वेगळा, नुसतं नाव बदलून कसं चालेल?? पॅनलची डेटाशीट मागितली तर पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरचा हललेला फोटो, व्हीओसी (लोड नसतानाचं व्होल्टेज) किती तेच वाचता येईना. केबल किती स्क्वेअर एमएम, तर "नेहमीचीच". अर्थिंग किती मारली, तर "तुम्ही तीन दाखवा". मी दाखवू?? खड्डे कोणी मारलेत?

परवा डोकं फिरलं म्हणून एका साईटवर स्वतःच गेलो. ड्रॉइंगमध्ये मी डीसीडीबीत (पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरींचा डबा) डीसीचा एमसीबी, फ्यूज, एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका आला तर तो जमिनीत सोडणारा) सगळं रेटिंगसकट दाखवलेलं, आणि डबा उघडला तर आत घरात लावतो तो साधा एसीचा एमसीबी, एसपीडी नाहीच. ५४० वॅटचे ६ पॅनल सिरीजमध्ये, एकाचा व्हीओसी ४९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्या अख्ख्या माळेला (स्ट्रिंगला) जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी, थंडीत सकाळी त्याहून जास्त. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून तिथं आर्क (स्विच उघडताना पेटणारी ठिणगी) विझतो, डीसी शून्यावर येतच नाही, त्यामुळे आर्क पेटला की पेटलेलाच राहतो नि डबा वितळतो. हे माहीत नसेल तर शिका ना, पण "लाईट येतेय ना सर, मग झालं" हे काय उत्तर झालं? लोकांच्या घरावर बसवताय, खाली म्हातारी माणसं, पोरं झोपतात.

आणि मेन स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंतच असते. उद्या आग लागली, वायरमन धावत आला, त्याने डीसी आयसोलेटर (पॅनलकडची डीसी तोडायचा स्विच) कुठाय ते माझ्या कागदावर बघितलं, आणि तिथं तो नसलाच तर? कागदावर सही माझी आहे!

बरं एवढं करून वीज कंपनीच्या ऑफिसातून शेरा येतो, "साईटप्रमाणे नाही", एकच ओळ, काय चुकलं ते लिहायचं नाही. मग सोलरवाला मलाच फोन करून ओरडतो, आणि घरमालक बिचारा ७८ हजारांच्या सबसिडीची वाट बघत बँकेचे हप्ते भरत बसतो, नेट मीटर (घेतलेली नि परत दिलेली वीज मोजणारा) लागत नाही, छतावर पॅनल नुसते तापतायत. त्याला तर यातलं काही कळतही नाही, त्याने पैसे मोजलेत.

मी त्या साडेदहावाल्याला लिहिलंय: स्टिकरचा वाचता येईल असा फोटो, केबलवरचा छाप, डीसीचा नि एसीचा असे दोन्ही डबे उघडून आतला फोटो नि अर्थिंगचे खड्डे, हे सगळं येत नाही तोवर फाईल उघडणार नाही. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.