काळबादेवीची काळी वाळू आणि ‘अदृश्य होडी’

रत्नागिरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू म्हणजे नैसर्गिक ‘चुंबकीय मेटामटेरियल’; ती रंगात कालवून होडीला फासली की होडी रडारवर दिसत नाही. हे खरं नाही.

वाळूत लोहचुंबक फिरवला की काळे कण त्याला झुपक्यांनी चिकटतात, एवढं खरं. ते मॅग्नेटाइट, उरलेल्या काळेपणात मोठा वाटा इल्मेनाइटचा. दोन्ही साधी खनिजं. मेटामटेरियल म्हणजे मुद्दाम घडवलेली कृत्रिम रचना, आणि तिची गंमत नेमकी उलटी आहे. ती बरेचदा तांब्याची असते, आणि तांब्याला चुंबक चिकटतच नाही! सर्किट बोर्डावर काही मिलिमीटरच्या, एका जागी चीर ठेवलेल्या कड्या कोरतात. रडारसारखी विद्युतचुंबकीय लहर आली की कडीतून प्रवाह फिरतो, चिरेपाशी विद्युतभार साठतो, आणि ठरावीक वारंवारतेला अशा शेकडो कड्या मिळून चुंबकीय पदार्थासारख्या वागतात. त्याच्या किंचित वरच्या वारंवारतेला तर प्रतिसाद चक्क उलटा, म्हणजे ऋण. हा गुण धातूचा नव्हे, आकाराचा आणि मांडणीचा. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी हे १९९९ मध्ये मांडलं. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूत अशी मांडणी कुठून येणार?

‘अदृश्य’चा धागा बहुधा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या २००६ च्या प्रयोगाचा. तिथे तांब्याचा छोटा दंडगोल सूक्ष्मलहरींपासून (मायक्रोवेव्ह) लपवला, तोही एकाच वारंवारतेला आणि अर्धवटच.

शिवाय होडी लपवायची कशाला? लाकडी, फायबरच्या होड्या रडारवर आधीच जेमतेम दिसतात. रात्री जहाजांच्या वाटेवर जाळी टाकणाऱ्याने उलट डोलकाठीवर रडार परावर्तक (रडारच्या लहरी परत पाठवणारं साधन) लावावा, म्हणजे होडी दिसेल.