साभार, पण कुणाचे?

यंदाच्या चवथीला दीड दिवसाचा आमचा गणपती पोचवायच्या गडबडीत होतो, तेवढ्यात चुलतभावाने घरच्या ग्रुपवर एक लेख टाकला. वर त्याचा शेरा: ‘कितें बरें बरयलां पळय!’ (बघ, किती छान लिहिलंय!) मी वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला थबकलो. लेख माझाच होता. तीन वर्षांपूर्वी इथेच, माझ्या याच फेसबुकच्या भिंतीवर लिहिलेला. आमच्या घरची माटोळी, शिडीवर चढलेला काका, आणि कवंडळ कुठे, सुपारीचा घड कुठे, नारळ कुठे, असे खालून हुकूम सोडणारी आजी.

माझं नाव गायब. शेवटी फक्त ‘साभार’.

नाव गेलं ते एक वेळ सोडा. पण मधल्या कुणाला तरी ‘माटोळी’ हा शब्द परका वाटला असणार. त्याने सगळीकडे ‘मखर’ करून टाकलं होतं. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, रानातल्या फळाफुलांनी भरलेली. मखर म्हणजे मखर. त्यामुळे आता त्या लेखात माझा काका टेबलावरच्या मखराला शिडी लावून केवणीच्या दोरीने नारळांचा घड बांधतो आहे. लाइक मात्र माझ्या मूळ लेखाच्या चौपट.

माग काढत काढत एका गृहस्थांपर्यंत पोचलो. निवृत्त, सज्जन, बोलायला गोड. म्हणाले, “अहो, मी कुठे माझं म्हटलंय? साभार लिहिलंय की.”

“पण साभार कुणाचे?”

“ते ठाऊक असतं तर लिहिलं नसतं का?”

यावर काय बोलणार! राग यायला हवा होता, हसूच आलं. फोन ठेवताना त्यांनी वर मलाच समजावलं, की एकदा फेसबुकवर टाकलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं. यात आपण पैसे थोडेच कमावतो?

हे वाक्य मी इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. सगळ्यांना वाचायला ठेवलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं होत नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. लिहून झालं की हक्क लेखकाचा. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, खाली वर्तुळातला ‘सी’ काढायलाही नको. हा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं. आपल्या बाकीबाब बोरकरांचंच घ्या. ते 1984 साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता 2044 संपेपर्यंत वारसांच्या हक्कात. त्यांच्या स्मृतिदिनी अख्खी कविता टाइप करून टाकणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, पण परवानगी कुणी घेतलेली नसते. सोहिरोबानाथ किंवा फादर स्टीफन्स या शेकडो वर्षांपूर्वीच्या कवींचं मूळ लेखन मात्र खुशाल टाका, तिथे कुणाला विचारायची गरज नाही.

परीक्षण लिहिताना चार ओळी उद्धृत केल्या, टीका करताना एखादा उतारा दिला, तर कायदा आडवा येत नाही. माहिती, कल्पना यांवरही कुणाची मालकी नाही. माटोळीवर हजार जणांनी लिहावं, लिहायलाच हवं. मालकी आहे ती माझ्या वाक्यांवर. आणि एक गोष्ट आपल्या गोव्यात विशेष विसरली जाते. मराठीतला लेख कोकणीत केला किंवा कोकणीतला मराठीत आणला, तर तो ‘आपला’ होत नाही. अनुवादालाही मूळ लेखकाची परवानगी लागते.

मखराच्या भानगडीसाठी तर वेगळं कलमच आहे, 57 वं. लेखकाने हक्क विकून टाकले तरी आपलं नाव लागावं हा अधिकार त्याच्याकडेच उरतो, आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कुणी केली तर ती थांबवण्याचाही. शिक्षा म्हणाल तर 63 व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकतं. कमी, माफ नव्हे. अर्थात माटोळीपायी त्या गृहस्थांना पोलीस चौकीत बसवायचा माझा विचार नाही.

मला त्या कलमांपेक्षा बाबांची मनिऑर्डर जास्त आठवते. फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक ठरलेलं. नाटकाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलेलं असायचं, प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी. बाबा मुंबईच्या त्या लेखकाला पत्र लिहायचे, मानधनाची मनिऑर्डर करायचे, आणि उत्तर आलं की पहिल्या तालमीला ते मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यानंतर नारळ. गंमत म्हणजे हौशी मंडळाने फुकट किंवा देवस्थानासाठी केलेल्या प्रयोगाला कायद्याने सूट आहे. हे मला फार उशिरा कळलं. बाबांना ते ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्या पत्राशिवाय त्यांनी तालीम सुरू केली नसती.

आता माझं स्वतःचं. 2009 साली जत्रेच्या स्मरणिकेचा संपादक मी होतो. एका दिवंगत कवीची चार कडव्यांची कविता घेतली. त्यांच्या घरी विचारलं नाही, खाली नाव आणि ‘साभार’ लिहून मोकळा झालो. छपाईच्या आदल्या रात्री एका हार्डवेअरवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात आली. जागा होईना, म्हणून तिसरं कडवं काढलं. वाटलं, कुणाच्या लक्षात येतंय!

महिन्याभराने मडगावहून फोन आला. कवीची मुलगी. भांडली नाही. स्मरणिकेची आणखी एक प्रत मिळेल का, एवढंच विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, “तिसरं कडवं आईवर होतं.”

त्या बाईंना मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. बहुधा जागेचं कारण सांगितलं असेल.

म्हणून विनंती एवढीच. आवडलं तर शेअरचं बटण दाबा. त्यात नाव राहतं, मी एखादी चूक दुरुस्त केली तर ती तुमच्याकडेही दुरुस्त होते, आणि उद्या मला लेख काढून टाकावासा वाटला तर निघतोही. कॉपी-पेस्ट केलेला लेख माझ्या हातात राहत नाही. नाहीतर इनबॉक्समध्ये दोन ओळी टाका, आजवर मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. लेखक कोण हे ठाऊकच नसेल, तर ‘लेखक अज्ञात’ लिहिण्याआधी त्याचंच एखादं वाक्य गूगलवर टाकून पाहा.

त्या गृहस्थांनी फोननंतर लगेच दुरुस्ती करतो म्हणून सांगितलं होतं. शब्दाला जागले. काल पाहिलं, खाली माझं नाव आलंय, गावासकट.

काका अजून मखरालाच शिडी लावून उभा आहे.