जपानी जोशि आणि आमच्या वर्गातले इंग्रजी

जपानी वाक्यात नामाच्या मागे लागून त्याचे इतर शब्दांशी नाते सांगणाऱ्या लहानशा शब्दांना 'जोशि' म्हणतात. पहिल्या रविवारी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी, हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा पुण्यातला आमचा अख्खा जपानीचा वर्ग खदखदून हसला होता, कारण वर्गात दोन जोशी बसलेले होते. चार महिन्यांनंतर आता कोणीही हसत नाही. एन-फाइव्हच्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सर्वांत सोप्या पातळीच्या, सराव प्रश्नपत्रिकेत रिकाम्या कंसात जोशि भरायचे प्रश्न आले की माझे निम्मे गुण तिथेच जातात, आणि का चुकले असे विचारले की 'सवयीने येईल' हे एकच उत्तर मिळते. सवयीने यायचे असेल तर दर रविवारी तीन तास फी भरून बसायचे कशाला, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

लिपीबद्दल मी फार बोलणार नाही. ज्या अक्षराचा उच्चार 'हा' असा घोकून घेतला तेच जोशि म्हणून आले की 'वा' वाचायचे, 'हे' हे अक्षर 'ए' वाचायचे, आणि 'ओ'साठी निराळेच अक्षर लिहायचे, हा छळ आहेच. 1946 साली जपान सरकारने काना या जपानी अक्षरांचे लेखन उच्चाराच्या जवळ आणले, पण नेमक्या या तीन जोशिंचे जुने लेखन तसेच ठेवले. तेव्हाच तेवढे उरकून टाकले असते तर काय बिघडले असते, असे रोज वाटते. पण चाकातला 'च' आणि चिमणीतला 'च' एकाच अक्षराने लिहिणाऱ्या आपण मराठी माणसांनी ही तक्रार जास्त ताणू नये.

माझा खरा संताप निराळ्याच गोष्टीवर आहे. शिकवणाऱ्या बाई मराठी, शिकणारे पंचवीसच्या पंचवीस मराठी, आणि व्याकरण मात्र इंग्रजीतून! पहिल्याच तासाला 'वा म्हणजे इज' असे वहीत उतरवून घेतले गेले, आणि ते धादांत चुकीचे आहे, कारण 'आहे'चे काम वाक्याच्या शेवटचे 'देसु' करते. 'वा' फक्त कशाविषयी बोलतो आहोत ते सांगतो. त्या एका ओळीने आमचे दोन महिने खाल्ले. 'मला मांजर आवडते' याचे जपानी 'वाताशि वा नेको गा सुकि देसु' असे होते. आपल्या वाक्यातही मांजर प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याच मागे चालते. जपानीतही मांजराला कर्माचा 'ओ' नव्हे तर कर्त्याचा 'गा' लागतो. 'मला पाणी हवे', 'मला जपानी समजते' या वाक्यांचेही तसेच आहे. इंग्रजीत मात्र मांजर हे कर्म असल्यामुळे आमच्या वर्गाने एकमुखाने 'नेको ओ' लिहिले, आणि वर 'हा अपवाद आहे, पाठ करा' असे ऐकून घेतले. अहो, अपवाद कसला? आपण जन्मापासून हेच बोलतो आहोत!

आणि हे एकच उदाहरण नाही. बसने जाण्यातला 'ने' म्हणजे 'दे', मित्राला भेटण्यातला आणि सात वाजता येण्यातला 'नि', 'मीही'मधला 'ही' म्हणजे 'मो', 'माझे पुस्तक' म्हणताना लागणारा 'नो'. प्रश्नाच्या शेवटी आपण 'का' म्हणतो आणि जपानी माणूसही 'का'च म्हणतो. 'छान आहे ना' यातल्या 'ना'ला ते 'ने' म्हणतात. हे सगळे एका तासात सांगून झाले असते. त्याऐवजी, मित्राला भेटताना इंग्रजीत कोणतेच शब्दयोगी अव्यय लागत नसताना जपानीत 'नि' का लागतो, यावर आम्ही अर्धा तास डोके फोडले.

'वा' आणि 'गा' यांचा घोळ तर विचारूच नका. 'कोण आले?' या प्रश्नात 'कोण'ला नेहमी 'गा'च का लागतो, याला वर्गात उत्तर नव्हते. ते मला शेवटी आमटी ढवळताना सुचले: 'आई तर आली' असे म्हणता येते, पण 'कोण तर आले?' असे कोणी म्हणत नाही. ज्याचा पत्ताच नाही त्याच्याविषयी बोलणार काय? मोमोतारो या जपानी लोककथेच्या सुरुवातीला आजोबा आणि आजी प्रथम येतात ते 'गा' घेऊन, आणि पुढच्याच वाक्यात आजोबा डोंगरावर आणि आजी नदीवर जातात ते 'वा' घेऊन. 'एक राजा होता' आणि त्यानंतरचे 'तो राजा' यांत 'एक' आणि 'तो' जे करतात, बरेचसे तेच. 'मटण खात नाही, मासे मात्र खातो' यातल्या 'मात्र'चे कामही 'वा' करतो. मराठीचे बोट धरून सगळेच सुटते असे माझे म्हणणे नाही, पण निदान विचार करायला जागा तरी मिळते.

जिथे मराठी खरोखर हात टेकते, तिथे तर शिकवण्याची जास्तच गरज आहे. 'पुण्यात राहतो' आणि 'पुण्यात काम करतो' यांत आपला 'त' तोच, पण राहण्याला 'नि' आणि काम करण्याला 'दे'. बरे, असणे-राहणे 'नि'चे आणि कृती 'दे'ची, असे मनाशी ठरवावे, तर नोकरी करणे या अर्थाचे 'त्सुतोमेरु' हे क्रियापद 'नि' मागते, आणि पुण्यात किल्ला असला तर 'नि' पण पुण्यात गाण्याचा कार्यक्रम असला तर 'दे', क्रियापद दोन्हीकडे 'आरु'च! कार्यक्रम घडतो आणि किल्ला नुसता उभा असतो, एवढे एक वाक्य कोणी बोलले असते तर मी त्या रविवारी घरी येऊन वही भिरकावली नसती.

परवाच्या चाचणीत बसचे तीन प्रश्न होते. बसने जाण्याला 'दे' लिहिला, तो बरोबर आला. बसमध्ये चढण्याला 'नि' लिहिला, तोही बरोबर आला. उतरण्याला मी 'बसमधून' म्हणून 'कारा' लिहिला आणि त्यावर लाल फुली आली, कारण उत्तरपत्रिकेत 'ओ' होता. 'ओ' तर कर्माला लागतो ना, मी बसचे काय केले, असे विचारले तेव्हा सेन्सेईंनी इंग्रजीतला नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला. घरी येताना सिग्नलला थांबल्यावर लक्षात आले की आपण घर सोडतो, गाव सोडतो, रस्ता ओलांडतो, आणि जपानी माणूस 'ओ' लावून बस सोडतो. हे त्या दोन मराठी जोशींना सांगितले, तर त्यांनीही उतरण्याला 'कारा'च लिहिलेला होता.