पाच वर्षांनंतर मूल आपोआप वडिलांकडे? नाही

'मूल पाच वर्षांचं झालं की ताबा वडिलांना. दोघं राजी असतील तर स्टँपपेपरवर नोटरी केली की घटस्फोट झाला. धर्म वेगळे असतील तर नवऱ्याच्या धर्माचा कायदा लागतो.' व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही तिन्ही विधानं चुकीची आहेत.

पाच वर्षं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 नुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. त्यानंतर ते वडिलांना द्यावंच, असं त्यात कुठेही नाही. वडील नैसर्गिक पालक आहेत, हे खरं. पण पालकत्व (मुलाच्या वतीनं कायदेशीर निर्णय घेणं) वेगळं, ताबा (मूल कोणाजवळ राहणार) वेगळा. कलम 13 मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. मुस्लिमांमधल्या हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असते, पण तिथेही 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय मुलाचं हितच तपासतं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. 1890 च्या कायद्याखालचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथेच करायचा. आदल्या आठवड्यात त्याला उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेल्यानं न्यायालय बदलत नाही, उलट नेणाऱ्याबद्दल मत वाईट होतं.

नोटरी. अशा कागदानं लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात फारकतीची रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 29 तिला जागा देतं, मात्र ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नाहीतर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी याच कायद्याच्या कलम 13-ब खाली एक वर्ष वेगळं राहून संयुक्त अर्ज करावा लागतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहावं लागतं. 2017 पासून योग्य प्रकरणात न्यायालय हे सहा महिने माफ करू शकतं.

खरी घाई नडते ती अशा घटस्फोटात दोघांनी ठरवलेल्या संमतीच्या अटींत. 'वडील सोयीनुसार भेटतील' असं मोघम लिहिलं की पुढे अंमलबजावणी कशाची मागणार? वार, वेळ, मूल सोपवण्याची जागा, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी, पासपोर्टवर सही कोण करणार, हे सगळं लिहा. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ताब्याचा आदेश बदलून मागता येतो.

नवऱ्याचा धर्म. आधी विवाह प्रमाणपत्र बघा. लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर घटस्फोटही त्याच कायद्यानं होतो, दोघं हिंदू असले तरी. ताब्यासाठी त्यात कलम 38 आहे. जिवाला धोका असेल तर घटस्फोटाची वाट पाहू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात. पोटगी दोन ठिकाणी मागितली असेल तर आधीचा आदेश दुसरीकडे सांगणं बंधनकारक आहे. आधी मिळणारी रक्कम दुसऱ्या पोटगीतून वळती होते.