फेझंट, कंबाइन आणि कालनिर्णय

साउथ डकोटात फेझंट या रानपक्ष्याची शिकार ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी खुली होते. अमेरिकेतल्या मराठी शिकाऱ्याची सगळी दुखणी या एका वाक्यात आहेत. हा शनिवार 2023 साली नवरात्रात आला. 2025 साली बरोबर धनत्रयोदशीला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठाने सगळे सण पुढे ढकलले, आणि तो पुन्हा नवरात्रात, 17 तारखेला, सातव्या माळेला येऊन बसला. मधल्या 2024 साली कोजागिरी होऊन गेली होती आणि दिवाळी लांब होती, तेवढं एक वर्ष निघालं. कुळाचाराची कोंबडी परवडली, पण घटाशेजारच्या फ्रीझरमध्ये पिसांसकट पक्षी हे कुठल्याच सासूबाईंच्या गळी उतरवता येत नाही.

या तारखा ठरवणारे तिघे आहेत आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही: राज्य सरकार, मक्याची कापणी करणारं कंबाइन आणि कालनिर्णय.

सरकारचं त्यातल्या त्यात सोपं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला जे छोट्या शिकारीचं लायसन्स मिळतं, त्यात पाच-पाच सलग दिवसांचे दोन तुकडे असतात आणि सुरुवातीच्या तारखा आपण निवडायच्या. सलग पाच म्हणजे सलग पाच. मधल्या दिवशी मोटेलात ताप येऊन पडलात तरी तो दिवस मोजला जातो. रोज तीन नर, त्याहून जास्त नाही. मादी मारणं गुन्हा. बार टाकायची वेळ सकाळी दहा ते सूर्यास्त. पण हे दहा सेंट्रल टाइमचे. राज्याच्या पश्चिम भागात माउंटन टाइम चालतो, म्हणजे तिथे घड्याळात नऊच वाजलेले असतात. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलत नाही. सीमेजवळच्या शेताच्या बांधावर चार शहाणी माणसं हातात न भरलेल्या बंदुका घेऊन ‘नक्की किती वाजले’ यावर वाद घालताना दिसली, तर ती वेडी नाहीत, कायदा पाळतायत.

व्हिसावाल्यांचं प्रकरण वेगळं. एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी आपल्या कामाचा एक: एखाद्या राज्याचं वैध शिकार-लायसन्स खिशात असेल तर चालतं. म्हणून क्रम पाठ करा. आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. शेजारच्या मिनेसोटा राज्यात लायसन्स काढायचं तर 1979 नंतर जन्मलेल्याला त्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रमही करावा लागतो. लायसन्सची मुदत संपते, व्हिसाचीही संपते. दोन्ही कागद एकदम तपासायची सवय लावा, आणि शंका आली तर वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

खरी जळफळ होते ती पक्ष्याचा इतिहास वाचून. फेझंट मूळचा चीनचा. ऑरेगनात 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला शांघायहून आला, साउथ डकोटात 1908-09 च्या सुमारास स्पिंक काउंटीत रुजला, 1919 मध्ये तिथे पहिला एक दिवसाचा मोसम झाला आणि 1943 मध्ये गडी थेट राज्यपक्षी झाला! पस्तीस वर्षांत. साउथ डकोटातल्या ह्युरन गावात त्याचा 28 फुटी पुतळासुद्धा आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने त्या पुतळ्याखाली फोटो काढायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता कंबाइन. मका उभा आहे तोवर पक्षी मक्यात, आणि मका शेतकऱ्याचा. पाऊस लांबला, कणसं ओली राहिली की कापणी लांबते. मग पहिल्या शनिवारी तुम्ही सरकारी गवत तुडवत बसता आणि पलीकडच्या मक्यातून फेझंट ओरडून आपण मजेत असल्याचं कळवत राहतात. त्यामुळे मोटेल वर्षभर आधी ठरवलं तरी निघण्याच्या आठवड्यात त्या काउंटीतल्या कापणीची खबर काढायचीच. मका पडला की पक्षी उंच गवतात, पाणथळीतल्या पाणकणसात आणि ज्वारीत येतात. हो, ज्वारीत. आपल्याकडे मचाणावर बसून गोफणीने पाखरं हाकलतात ती हीच ज्वारी. इथे ती मायलो या नावाने पाखरांसाठी मुद्दाम पेरतात आणि न कापता उभी ठेवतात. सोलापूरकडच्या माणसाला हे दाखवताना त्याच्या मनाची आधी तयारी करा.

माझं मत विचाराल तर पहिला शनिवार सोडावा. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सोन्यासारखा: मका पडलेला, हवा थंड, कुत्रं दमत नाही, खोल्या रिकाम्या. फक्त 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि भाऊबीज 11 ला आहे. त्यानंतर, महिन्याच्या उत्तरार्धात, हरणांच्या शिकारीचे रायफलवाले शेतं अडवतात. मग उरतो डिसेंबर-जानेवारी. मोसम 31 जानेवारीपर्यंत चालतो, संक्रांत सोडली तर मोठे सण नाहीत, गर्दी नाही. उणे पंधरा तापमान मात्र असू शकतं, आणि तोवर वाचलेले पक्षी गाडीचं दार आपटल्याचा आवाज ऐकून अर्धा मैल पलीकडे उडतात. दार हळू लावायला मित्रांना शिकवणं हा पूर्वतयारीतला सगळ्यात अवघड भाग. मराठी मित्र असतील तर बोलणंही बंद करावं लागतं, म्हणजे जवळजवळ अशक्यच.

काडतुसांचा घोळ एकदाच नीट समजून घ्या. बारा बोअर, पावणेतीन इंची, शिशाचे पाच नंबर छर्रे, हे खाजगी शेतात उत्तम. पण केंद्र सरकारच्या पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींवर शिसं चालत नाही; तिथे स्टील किंवा दुसरे बिनविषारी छर्रे लागतात. स्टील हलकं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा: शिशाचा पाच तर स्टीलचा तीन (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). शिवाय स्टील दबत नाही, म्हणून नळीचा चोक, म्हणजे तोंडाशी असलेला निमुळतेपणा, फुल ठेवू नका. मॉडिफाइड किंवा त्याहून मोकळा. जुन्या बंदुकीत स्टील घालण्याआधी बंदुकीच्या कारागिराला दाखवा. दिवसभरात तीन प्रकारच्या जमिनी पालथ्या घालायच्या असतील तर सरळ सगळीकडे स्टीलच न्या, नाहीतर जॅकेटच्या तळाशी राहिलेलं एक शिशाचं काडतूस नेमकं शिकारीचे नियम तपासणाऱ्या वॉर्डनसमोर बाहेर पडतं. विमानाने जाणार असाल तर बंदूक रिकामी, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानातच. काडतुसांना बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा पाच किलोची, म्हणजे पंचवीसचे तीन-चार डबे. नेम लक्षात घेता बाकीचे तिथे जाऊन घ्यावे लागतात.

चालायचं वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे कुत्र्याला वास येतो आणि पक्ष्याला आपली चाहूल लागत नाही. सूर्य मात्र पाठीशी हवा, कारण उन्हाकडे उडालेला पक्षी काळा ठिपका दिसतो. मानेवरचं पांढरं कडं आणि लांब शेपूट दिसली नाही तर बार टाकायचा नाही. संध्याकाळी वारा आणि सूर्य दोन्ही पश्चिमेकडून आले की या दोन नियमांचं भांडण लागतं. अशा वेळी सूर्याचं ऐका. ओळीत पंधरा-वीस यार्डांवर माणसं, शेताच्या टोकाला दोघं अडवायला, सगळ्यांच्या अंगावर भगवा नारिंगी, सक्ती असो वा नसो. आणि पक्ष्याखाली आकाश दिसल्याशिवाय बंदूक वर जाता कामा नये. टोकाला उभा असलेला माणूस आपल्या गाडीचा मालक असतो, हेही लक्षात असू द्यावं.

कुत्र्याची तयारी दोन महिने आधी सुरू होते; सोफ्यावरचा लॅब्रॅडॉर एकदम दहा मैल गवतात धावला तर दुपारपर्यंत आडवा होतो. ऑक्टोबरात कधी पंचवीस अंशांवर पारा जातो, तेव्हा दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी. संध्याकाळी कान, डोळे, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासा. कुसळं आत शिरली की शरीरात पुढेपुढे सरकत जातात. आणि एक बाटली पेरॉक्साइडची, स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्यासाठी. स्कंक फवारला की पहिलं कुत्रं बरबटतं, दुसरी गाडी, आणि तिसरी ती मोटेलची खोली जिच्यासाठी वर्षभर आधी पैसे भरले होते. टोमॅटोचा रस ओतू नका, त्याने फक्त वासाला आंबटपणा येतो. जवळपास एक लिटर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर भांड्यांचं लिक्विड. फेस येत असतानाच चोळा, डोळे सांभाळा, पाच मिनिटांनी धुवा. दुर्गंध गंधकाच्या संयुगांचा असतो आणि पेरॉक्साइड त्यांनाच मोडतं. आयत्या वेळी कालवा. आधीच कालवून झाकण लावून ठेवलंत तर वायू साठून बाटली फुटते, आणि डिकीत स्फोट ही बंदुका घेऊन निघालेल्या चार परदेशी माणसांनी पोलिसांना समजावून सांगायची गोष्ट नाही.

पक्षी साफ करायला अनेक मोटेलांत वेगळी खोली असते. न्हाणीघरात करू नका. घरी पोचेपर्यंत प्रत्येकाचं डोकं किंवा पाय जोडलेला ठेवा, म्हणजे नर असल्याचं दाखवता येतं. छातीचं मांस कोरडं पडतं: लिटरभर पाण्यात साठ ग्रॅम मीठ घालून चार तास ठेवा, मग फक्त परतून घ्या. तंगड्यांत हाडासारख्या कडक शिरा असतात, त्या मंद आचेवर दोन तास तांबड्या रश्श्यात शिजल्या की उपसून निघतात. मांस शिजवण्याआधी छर्रे शोधा. जिथे मांसात पीस ओढलं गेलंय त्या भोकाच्या तळाशी छर्रा असतो. स्टील असेल तर चुंबक फिरवा, पण जरा ताकदीचं; फ्रिजवर चिकटवलेल्या अष्टविनायकाच्या चुंबकांना ते झेपत नाही. शिशाला तेही चिकटत नाही, तिथे बोटंच. आणि पाहुण्यांना आधीच सांगा. रश्श्यात स्टीलचा तीन नंबर दाढेखाली आला तर दाढ जाते, आणि अमेरिकेत दातांचा विमा वेगळा काढावा लागतो.